पत्त्याचा फेरफार

परभणी जिल्ह्याचे गॅझेटियर १९६७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा हिंगोली नावाचा जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ रोजी झाला. त्यामुळे हिंगोली, कळमनुरी, वसमत या भागाचे जुने काही पाहायचे असेल, तर आजही परभणीच्याच गॅझेटियरचे दार ठोठवावे लागते. छापील प्रत आमच्याकडे सहजी मिळत नाही. राज्य शासनाने ही गॅझेटियरे महाजालावर ठेवली आणि माझ्यासारख्या, कोणत्याही विद्यापीठाशी नाते नसलेल्या माणसाचे फार मोठे काम झाले. हिंगोलीत बसून मी निजामाच्या कंटिन्जंट फौजेच्या छावणीविषयी वाचू शकलो, पूर्णा-हिंगोली रेल्वेविषयी वाचू शकलो. यासाठी पूर्वी छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागे.

या लेखाचा विषय मात्र गॅझेटियरमधला मजकूर नाही. तो मजकूर ज्या पत्त्यावर मिळतो, तो पत्ता हा विषय आहे.

सुरुवातीला ही गॅझेटियरे शासनाच्या मुख्य संकेतस्थळावर, म्हणजे 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'च्या पोटात, 'इंग्लिश' आणि 'गॅझेटियर' अशा कप्प्यांत ठेवलेली होती. पुढे ती सांस्कृतिक कार्य विभागाच्या 'कल्चरल डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' या नावाखाली आली. त्यानंतर दर्शनिका विभागाचे स्वतंत्र नाव झाले, 'गॅझेटियर्स डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'. गंमत आहे ती या तिसऱ्या पत्त्यात. यातले एखादे जुने पान उघडून वरची पट्टी नीट वाचली, तर नव्या नावानंतर तिरपी रेघ येते आणि तिच्यापुढे 'कल्चरल डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' हे जुने नाव अख्खेच्या अख्खे बसलेले दिसते. नव्या घराच्या ओसरीवर जुन्या घराची चौकट उभी करून ठेवावी, तसा हा प्रकार आहे. संपूर्ण संकेतस्थळ उतरवून घेणाऱ्या काही संगणक-प्रणाल्या मूळ संकेतस्थळाच्या नावाचा एक कप्पा आपोआप तयार करतात. कोणीतरी जुने स्थळ असे उतरवून, तो कप्पा तसाच उचलून नव्या जागी ठेवला असावा, असा माझा तर्क आहे. तंत्रज्ञ याला गबाळेपणा म्हणतील. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र त्या कर्मचाऱ्याचे आभार मानावेत. पान आधी कुठे राहत होते याची नोंद त्याने, कदाचित नकळत, पत्त्यातच कोरून ठेवली आहे.

अशी नोंद ठेवण्याची रीत आपल्याला नवी नाही. शेतजमिनीचे कागद ज्याने पाहिले आहेत, त्याला ती पाठ असते. मराठवाड्यात जमिनीचा माग काढणारा माणूस १९५४च्या सुमाराच्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत मागे जातो. तिथे सर्व्हे नंबर असतो. पुढे ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबवली गेली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जमीन तीच, बांध बहुतेक तेच, पण तिचे नाव बदलले. तरीही गोंधळ झाला नाही (झाला तिथे तो कोर्टात गेला, ते निराळे), कारण कोणता जुना सर्व्हे नंबर कोणत्या नव्या गटात गेला याचा तक्ता योजनेच्या कागदांत असतो. सातबाऱ्यावर मालक बदलला की जुने नाव खोडून नाहीसे करत नाहीत. त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक टाकतात. त्या क्रमांकावरून गाव नमुना सहामध्ये जायचे. तिथे खरेदी, वारस, वाटणी जे काही झाले असेल ते तारखेसह लिहिलेले असते.

संकेतस्थळ एका नावावरून दुसऱ्या नावावर नेण्याची जी योग्य पद्धत आहे, ती अगदी अशीच आहे. वाचकांपैकी पुष्कळांना हे ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. संगणक एकमेकांना ओळखतात ते आकड्यांनी. ते आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत म्हणून नावे आली. सुरुवातीच्या काळात सगळ्या नावांची एकच यादी अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील संशोधनसंस्थेत ठेवलेली असे आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत; गावचे एकच दप्तर आणि एकच तलाठी. यादी फुगली, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची उतरंड सुचवली. शेवटी मोठा विभाग, त्याच्या अलीकडे लहान, त्याच्या अलीकडे आणखी लहान. भारताचा 'डॉट इन' हा विभाग १९८९ साली नोंदला गेला. म्हणजे डोमेन ही दारावरची पाटी झाली. घर, म्हणजे मजकूर, दुसरीकडेच कुठल्यातरी यंत्रावर असतो. पाटी बदलली तरी घर हलेलच असे नाही, आणि घर हलले तरी पाटी तीच ठेवता येते.

पाटी बदलताना जुन्या पाटीच्या जागी एक निरोप ठेवायचा असतो. वाचकाचा संगणक जुन्या पत्त्यावर गेला की तिथले यंत्र त्याला एक आकडा सांगते. ३०१ म्हणजे कायमचे स्थलांतर, नवा पत्ता हा घ्या. ३०२ म्हणजे तात्पुरते दुसरीकडे आहे. ४०४ म्हणजे इथे असे काही सापडत नाही. आणखी एक आकडा आहे, ४१०. त्याचा अर्थ, इथे होते, पण आता जाणूनबुजून काढून टाकले आहे. ३०१ हा माझ्या मते पक्का फेरफार आहे. जुने नाव कंसात, शेजारी क्रमांक. पण एक अट असते, आणि ती बहुधा विसरली जाते. हा निरोप प्रत्येक पानासाठी वेगळा द्यावा लागतो. जुन्या स्थळावरच्या दहा हजार पानांना मिळून 'नव्या मुखपृष्ठावर या' असे एकच उत्तर दिले, तर तो फेरफार होत नाही. गट नंबर विचारायला आलेल्या शेतकऱ्याला गावच्या वेशीवर आणून सोडण्यासारखे ते आहे.

हे नीट केल्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण विकिपीडियाचे. जानेवारी २००१ मध्ये तो सुरू झाला तो 'डॉट कॉम' या व्यापारी विभागात. तिथे जाहिराती येतील या शंकेने लिहिणारे बिथरले आणि २००२ साली तो 'डॉट ओआरजी'मध्ये गेला. जुने 'डॉट कॉम' नाव त्यांनी सोडून दिले नाही. आजही ते टंकले तरी माणूस योग्य जागी पोहोचतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, म्हणजे या स्थलांतरानंतर. त्यामुळे त्याला घर बदलावे लागले नाही. मराठी महाजालावर वीस वर्षांहून अधिक काळ पाटी न बदललेली जी थोडी स्थळे आहेत, त्यांत त्याची गणना होते.

परंतु विकिपीडियाची पाटी स्थिर असली तरी त्यातल्या तळटीपा स्थिर नाहीत. मराठी विकिपीडियावरचे आठ-दहा वर्षांपूर्वीचे लेख काढून त्यांचे संदर्भ तपासा. वर्तमानपत्रांचे दुवे आढळतील, ज्यांत तारीख सलग आकड्यांत लिहिलेली असे. त्यांतले बरेच आता उघडत नाहीत. आणि मराठी विश्वकोशाचे दुवे आढळतील. विश्वकोशाचे उदाहरण जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली वाईत उभे राहिलेले हे काम. पहिला खंड १९७६ साली निघाला. विसावा निघाला तो २०१५ मध्ये. मधल्या काळात, २०११ साली, तोवर झालेले खंड महाजालावर आले. तेव्हाचे नाव होते 'मराठी विश्वकोश डॉट इन'. पत्ता लांबलचक असे, पण त्यात खंडाचा क्रमांक दिसत असे. कोणी विश्वकोशाचा आधार दिला, तर पत्त्यावरूनच कळे की नोंद सतराव्या खंडातली आहे. पुढे हेच 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'च्या छत्राखाली आले. त्यापुढे 'विश्वकोश डॉट मराठी डॉट गव्ह डॉट इन' असे सुटसुटीत नाव झाले. ज्ञानमंडळांनी लिहिलेल्या नव्या नोंदी 'मराठी विश्वकोश डॉट ओआरजी' या आणखी एका नावावर आहेत. नव्या सरकारी पत्त्यात नोंदीला नुसता एक आकडा आहे. त्यातून खंड कळत नाही.

ही स्थलांतरे अकारण झाली असे मी म्हणणार नाही. केंद्र सरकारची संकेतस्थळांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली निघाली. सरकारी स्थळाने 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' याच विभागांत राहावे, हा त्यांतला आग्रह रास्त आहे. नुसते 'डॉट इन' नाव वार्षिक भाड्याने कोणालाही मिळते. भाडे थकले की ते नाव बाजारात जाते, आणि ज्या पाटीखाली काल ज्ञानकोश होता तिथे उद्या कोणी लॉटरी मांडू शकतो. 'गव्ह डॉट इन' असे विकत मिळत नाही. म्हणून सरकारी नावाकडे येणे योग्यच. पण येताना मागे सोडलेले नाव भाडे भरून आपल्याकडेच ठेवायचे असते आणि त्यावर निरोप लावायचा असतो. नव्या घरासाठी जो उत्साह असतो, तो जुन्या पाटीसाठी कोणाला नसतो. त्यासाठी वेगळे लेखाशीर्षही नसते.

मोल्सवर्थचा कोश वापरणाऱ्यांनाही हा अनुभव आहे. १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने महाजालावर ठेवली, हे मराठीवर मोठेच उपकार. मात्र एकेका शब्दाचा दुवा जपून ठेवणाऱ्यांना त्या पत्त्यात पूर्वी एका यंत्राचे नाव दिसे, नंतर दुसऱ्या यंत्राचे, आणि आता विद्यापीठाच्या दक्षिण आशिया ग्रंथालयाचे साधे नाव दिसते. मुख्य दार तेच राहिले, म्हणून शोधणाऱ्याला कोश सापडतो. पण ज्यांनी आतल्या खोलीचा पत्ता टिपून ठेवला होता, त्यांना पुन्हा दारातून यावे लागते.

आता आमच्या जिल्ह्याकडे आणि शेजाऱ्यांकडे येतो. हिंगोली जिल्ह्याचे संकेतस्थळ मी वर्षानुवर्षे 'हिंगोली डॉट एनआयसी डॉट इन' या नावाने ओळखत आलो. एनआयसी म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र. पूर्वी बहुतेक जिल्ह्यांची स्थळे त्याच्याच नावाखाली होती, म्हणजे भाडेकरूच्या दारावर मालकाची पाटी. नंतर जिल्हे हळूहळू 'गव्ह डॉट इन'मध्ये स्वतःच्या नावाने गेले. परभणी गेले, नांदेड गेले.

त्यानंतर २०२३ साली मराठवाड्यातल्या दोन जिल्ह्यांची नावेच बदलली. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव. पाठोपाठ पाट्याही बदलल्या. जुनी नावे थेट 'गव्ह डॉट इन'च्या खाली होती, नवी 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'च्या खाली आली; म्हणजे नाव बदलले आणि उतरंडीतली पायरीही बदलली. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तिथेही तेच घडले. नामांतराविषयी कोणाचे काय मत असावे, याच्याशी या लेखाला कर्तव्य नाही. अभ्यासकापुढचा प्रश्न साधा आहे. जुन्या नावाने दिलेले हजारो दुवे पुस्तकांत, प्रबंधांत, न्यायालयांत दाखल केलेल्या कागदांत आहेत, त्यांचे काय?

प्रश्न कागदी वाटेल, म्हणून त्याच वर्षातली दुसरी गोष्ट शेजारी ठेवतो. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निजामकाळातील कागद, मोडी आणि उर्दू दप्तरे, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे बाहेर निघाली आणि सापडलेल्या नोंदींच्या छायाप्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या जाऊ लागल्या. २ सप्टेंबर २०२५च्या हैदराबाद गॅझेटविषयीच्या शासन निर्णयानंतर तर गावोगावी लोक मोबाइलवर आजोबा-पणजोबांचे नाव शोधताना मी पाहिले आहेत. अशा वेळी दुवा म्हणजे कोणाच्या तरी अर्जाचा आधार असतो. तो दुवा व्हॉट्सअॅपवर फिरतो, अर्जात लिहिला जातो, वकिलाच्या फायलीत जातो. पाटी बदलली आणि निरोप ठेवला नाही, तर कागद शाबूत असूनही गावातल्या माणसाला वाटते की आपली नोंद काढून टाकली. हा संशय एकदा बसला की मग ३०१ आणि ४०४ यांतला फरक कोण समजावणार?

सातबाराही या फेऱ्यातून सुटलेला नाही. 'महाभूलेख डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'वरून तो 'भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन'वर गेला. फारशी ओरड झाली नाही, कारण लोक पत्ता टंकत नाहीत. ते 'सातबारा' एवढेच लिहून शोधतात किंवा सेवा केंद्रात जातात. शोधताना सरकारी स्थळाच्या आजूबाजूला तशाच नावांची खाजगी स्थळे निघतात आणि नवखा माणूस तिथे शिरतो. पाटी वारंवार बदलण्याचा हाही एक खर्च आहे. खरी पाटी कोणती, हे लोकांच्या डोळ्यांत बसत नाही.

नाव बदलल्यावर जुन्या पत्त्यांचे टोकाला जाऊन काय होऊ शकते, हे पाहायचे तर युगोस्लाव्हिया पाहावा. त्या देशाचा विभाग होता 'डॉट वायू'. देश फुटला, नाव गेले. सर्बियाने २००८ साली 'डॉट आरएस' ही नवी नावे द्यायला सुरुवात केली, माँटेनेग्रोला 'डॉट एमई' मिळाले, आणि ३० मार्च २०१० रोजी 'डॉट वायू' बंद झाला. तोवर ज्यांनी नवे नाव घेतले नव्हते, त्यांची स्थळे त्या रात्री पत्त्यावरून नाहीशी झाली. बाल्कन युद्धांच्या काळात लिहिलेली पाने त्यांत होती. फेरफार नोंदवायला तलाठीच उरला नव्हता, असे म्हणावे लागेल.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना हे ऐकून थोडे ओळखीचे वाटते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थान गेले. १ नोव्हेंबर १९५६ला आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६०ला महाराष्ट्रात. आमचे जुने कागद मात्र सगळे आमच्याबरोबर आले नाहीत. हैदराबादच्या तारनाका भागातल्या पुराभिलेखागाराच्या दारावर आधी आंध्र प्रदेशची पाटी होती, २०१४ नंतर तेलंगणाची आली. हिंगोलीच्या एखाद्या बाबीचा माग काढायचा तर हिंगोलीहून परभणी, परभणीहून छत्रपती संभाजीनगर आणि तिथून हैदराबाद असा उलटा प्रवास करावा लागतो. तो करता येतो, कारण कोणत्या वर्षी आपण कोणाच्या ताब्यात होतो हे आपल्याला ठाऊक असते. प्रत्येक मुक्कामाचे जुने नाव माहीत असल्याशिवाय पुढचा मुक्काम सापडत नाही.

महाजालावरही हीच गत आहे. ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली 'इंटरनेट आर्काइव्ह' स्थापन केले आणि २००१पासून त्यातली जुनी पाने कोणालाही पाहता येऊ लागली. मेलेल्या दुव्यावरचे पान तिथे पुष्कळदा मिळते. पण तिथे पान नेमके मागायचे असेल, तर जुना पत्ता जसाच्या तसा द्यावा लागतो. नवा पत्ता दिला तर नव्या घराचीच छायाचित्रे मिळणार. म्हणून तळटीपेतला दुवा उघडत नाही असे दिसताच तो खोडून टाकणारे जे संपादक आणि लेखक आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की कृपया तसे करू नका. बंद दुवा ही किल्ली आहे. त्याला कंस करा, शेजारी नवा पत्ता लिहा.

काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकाने माझा लेख परत पाठवला होता. कारण दिले होते, 'तीन तळटीपांचे दुवे उघडत नाहीत, सबब विधाने निराधार.' ती पाने नव्या पत्त्यावर होती, मजकुरात काना-मात्रेचाही फरक नव्हता. जुन्या पत्त्यांवरून काढलेल्या छायाप्रती आणि नवी पाने शेजारी-शेजारी ठेवून मी पाठवली. दीड महिन्याने लेख स्वीकारला गेला. विद्यापीठाचे शीर्षपत्र ज्याच्याकडे आहे, त्याच्या विधानावर लोक दुवा न उघडताही विश्वास ठेवतात. ज्याच्याकडे ते नाही, त्याची सगळी पत तळटीपेत असते. हे दुखणे आपल्याकडचेच आहे असेही नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतले निम्मे दुवे मूळ मजकुराकडे नेत नाहीत, असे हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१४ साली दाखवून दिले होते.

त्या प्रसंगानंतर मी एक वही घातली आहे. डावीकडे जुना पत्ता, मध्ये पाहिल्याची तारीख, उजवीकडे नवा पत्ता, आणि शेवटी छापील आवृत्ती असेल तर खंड व पृष्ठ. विश्वकोशाच्या नोंदींना उजवीकडचा रकाना पुरत नाही, तिथे चिकटपट्टीने कागद जोडावा लागला आहे.

एक रकाना अजून कोरा आहे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' हा देवनागरी विभाग सुरू झाला. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, बोडो, डोगरी आणि सिंधी या आठ भाषांसाठी तो आहे, आणि सरकारी कार्यालयांसाठी त्यात 'सरकार डॉट भारत' अशी सोयही आहे. उद्या साऱ्या सरकारी स्थळांनी देवनागरी पाट्या लावायच्या ठरवल्या, तर मला आनंदच होईल. पण मग शुद्धलेखनाचा प्रश्न पत्त्यात शिरेल. आमच्या एका तालुक्याला काही कागद वसमत म्हणतात, काही बसमत. औंढा कुठे नुसता औंढा आहे, कुठे औंढा नागनाथ. फिलिप मेडोज टेलरच्या १८३९च्या इंग्रजी कादंबरीत हिंगोलीच्या स्पेलिंगच्या शेवटी दोन 'ई' आहेत. कागदावर हे सगळे चालून जाते, कारण वाचणारा माणूस असतो. यंत्राला 'वसमत' आणि 'बसमत' ही दोन वेगळी गावे आहेत. दोन्ही नावे नोंदवून एकावरून दुसऱ्याकडे निरोप ठेवायचा, की एकच ठेवून दुसरे मोकळे सोडायचे, हे पाटी लावण्याआधी तालुक्याच्या कोणीतरी बसून ठरवावे लागेल. माझ्या वहीत मी दोन्ही लिहून ठेवली आहेत.